चाळीस वजा बारा अधिक आठ

भाचीला त्या शनिवारी पाच वाजता मैदानावर उभं असायला हवं होतं. खो-खोच्या जिल्हा स्पर्धेसाठी क्लबच्या संघाची निवड होती आणि सरांचा नियम एका ओळीचा होता: शिट्टी वाजली की फाटक बंद. गेल्या वर्षी तिच्या एका मैत्रिणीने सगळी निवड फाटकाच्या जाळीतून पाहिली होती. वडिलांच्या गाडीचं टायर पंक्चर झालं होतं. सर म्हणाले होते, "टायरला पुढच्या वर्षी घेऊ." सहावीतल्या मुलीला यानंतर वेळेचं महत्त्व शिकवावं लागत नाही.

मैदानावर पोचायला आधी घरातून सुटका व्हावी लागे. घटक चाचणीत गणितात पडलेले गुण पाहून तिच्या आईने एक नियम केला होता. गणिताचा गृहपाठ आजोबांनी तपासून सही केल्याशिवाय मैदान नाही. आई बँकेत, शनिवारीही बहुतेक कामावरच. आजोबा दिवसभर घरी. शिवाय तपासणं आणि सही करणं ही कामं त्यांच्याइतकी आवडीने करणारा माणूस घरात दुसरा नव्हता.

आजोबा म्हणजे माझे वडील. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात ते ऑफिस सुपरिटेंडेंट होते. माल दुसरे बनवायचे, बाबा त्याचे कागद तपासायचे. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, तपासणं सुटलं नाही. घरी आलेलं विजेचं बिल ते आकडा न् आकडा पाहतात, कोपऱ्यात 'तपासले' असं लिहितात, खाली तारीख, त्याखाली पूर्ण सही, आणि मगच भरू देतात. बिलात आजवर एकही चूक निघालेली नाही, याचं त्यांना थोडं वाईट वाटतं.

मी त्यांची मोठी मुलगी. वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरी झाली, आता दोन इमारती सोडून राहते. माझ्याकडे स्कूटर आहे, त्यामुळे भाचीला नेण्या-आणण्याचं खातं माझ्याकडे. त्या दुपारी मी लवकरच गेले होते. खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं, नदीपात्रातला रस्ता बंद होता, आणि वरच्या पुलाने जायचं म्हणजे अख्खं पुणे आपल्या पुढे जाणार हे धरून चालावं लागतं.

मी पोचले तेव्हा भाची गणवेशाच्या चड्डीत, बूट घालून, नाडी बांधून तयार होती. गृहपाठ संपला होता. तपासणी चालू होती.

पाठ पदावल्यांचा होता. एका ओळीत बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळं असलं तर आधी काय करायचं, याचा. आमच्या पिढीने यासाठी एक शब्द पाठ केला होता: कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. शब्दाला अर्थ नाही, पण तो एकदा डोक्यात बसला की बाकी पुष्कळ काही जातं आणि हा राहतो. भाचीची शाळा सेमी-इंग्रजी, म्हणून तिला हेच बॉडमास या नावाने शिकवतात. बाबांचं मत असं की बॉडमास ही कंचेभागुबेवची नक्कल असून इंग्रजांनी ती जाताना नेली असावी. पुरावा विचारला की ते म्हणतात, "दोन्हीत सहाच अक्षरं कशी?" कंचेभागुबेवमध्ये सहा आहेतच. बॉडमासची मोजणी ते रोमन लिपीत करतात.

पहिली चार गणितं पार झाली होती. पाचव्यावर बाबांचं पेन थांबलं.

"हे काय? छत्तीस?"

गणित होतं चाळीस वजा बारा अधिक आठ.

"हो आजोबा. मागे उत्तरातही छत्तीसच आहे." तिने पुस्तकाची शेवटची पानं उघडून दाखवली.

"छापलंय म्हणून? क्रम काय सांगतो? बे आधी, व नंतर. बारा अधिक आठ वीस. चाळिसातून वीस गेले, राहिले वीस. छत्तीस आणलेस कुठून?"

"टीचर म्हणाल्या की बेरीज आणि वजाबाकी दोन्ही सारख्याच असतात. डावीकडून जी आधी येईल ती आधी करायची."

"जी आधी येईल ती आधी? हा गणिताचा नियम आहे की रेशनच्या रांगेचा?"

टीचरचं बरोबर होतं. बेरीज आणि वजाबाकी यांच्यात लहान-मोठं कोणी नाही. भागाकार आणि गुणाकार यांच्यातही नाही. डावीकडून सुरुवात करायची आणि समोर येईल ते करत जायचं. पण पाठ करायच्या शब्दात अक्षरं एकामागे एकच लिहावी लागतात, दोन अक्षरं एका जागी बसत नाहीत. त्यामुळे बे पुढे आणि व मागे, एवढंच कित्येकांच्या लक्षात राहिलं. महाराष्ट्रात हिशेब तरीही चालू आहेत, कारण खऱ्या आयुष्यात कोणी पदावली सोडवत नाही.

डेस्कवर आमचा साधा रिवाज होता. दोन स्वतंत्र ठिकाणांहून एकच आकडा आला तर छापायचा. इथे पुस्तक छत्तीस म्हणत होतं, शिक्षिका छत्तीस म्हणत होती. विरुद्ध बाजूला एक आठवण होती. मी आत पडले.

"बाबा, बसमध्ये चाळीस माणसं आहेत. डेक्कनला बारा उतरली, आठ चढली. आता बसमध्ये किती?"

बाबांनी विचार केला. "आधी उतरली की आधी चढली?"

"काय फरक पडतो?"

"पडतो. आपल्याकडे उतरणारे उतरायच्या आत चढणारे घुसतात. म्हणजे बेरीज आधीच झाली ना?"

"झाली. अठ्ठेचाळीस. त्यातले बारा उतरले. किती राहिले?"

"छत्तीस," भाची म्हणाली.

"ते बसमध्ये," बाबा म्हणाले. "आपण पदावली सोडवतोय. आणि तू मध्ये पडू नकोस. तुझा विषय मराठी."

"डेस्कवर मी आकडेच तपासायचे, बाबा."

"म्हणूनच तुमच्या पेपरात रोज दिलगिरी."

भाचीने घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी स्कूटरची किल्ली टेबलावर ठेवली, आवाज होईल अशी. बाबांनी ती उचलून बाजूच्या ताटलीत ठेवली. किल्ल्यांची जागा ती आहे.

तेवढ्यात माझा भाऊ, म्हणजे मुलीचा बाप, चहासाठी बाहेर आला. तो आयटीत आहे, घरून काम करतो, आणि शनिवारीही कानातली यंत्रं काढत नाही. परदेशातल्या एका मोठ्या कंपनीचे हिशेब बरोबर चालावेत यासाठी त्याला पगार मिळतो.

"दादा, तूच सांग आता," मी म्हणाले. मी त्याच्याहून मोठी आहे, पण त्याला लहानपणापासून घरात सगळे दादा म्हणतात, आणि त्याचा त्याच्या स्वभावावर परिणाम झालेला आहे.

त्याने वहीवर नजर टाकली. "बॉडमास ना? ए आधी, एस नंतर. वीस."

"बाबा!" भाची ओरडली. तिचे बाबा म्हणजे हा.

"अगं थांब." त्याने फोनवर आकडे टाकले. छत्तीस. पुन्हा टाकले. छत्तीस. आत जाऊन लॅपटॉप आणला, काळ्या पडद्यावर काहीतरी लिहिलं, बटण दाबलं. छत्तीस. "ओके," तो म्हणाला, "इंटरेस्टिंग."

"यंत्राचं मला सांगू नकोस," बाबा म्हणाले आणि उठले. कपाटातून त्यांनी आपला जुना टेबलावरचा कॅल्क्युलेटर आणला. बुधवार पेठेतून घेतलेला, अजून चालू आहे, आणि त्याच्यावर त्यांचं प्रेम आहे ते तो विश्वासाला पात्र नाही म्हणून. त्याच आठवड्यात सहा अधिक चार गुणिले पाच हे गणित त्यांनी त्याच्यावर करून पाहिलं होतं. कॅल्क्युलेटरने जसे आकडे दाबले तसे केले: सहा नि चार दहा, दहा पंचे पन्नास. बाबांनी गुणाकार आधी करून सव्वीस काढले होते, आणि सव्वीसच बरोबर होतं. यंत्र चुकतं हे त्या दिवशी सिद्ध झालं होतं. आता तेच यंत्र आणि मुलाची आणखी दोन यंत्रं मिळून छत्तीस सांगत होती.

"बघ," बाबा म्हणाले, "पुन्हा चुकलं."

भावाने प्रश्न ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. शनिवार असूनही उत्तरं लगेच आली, कारण आयटीत शनिवारी सगळे सुट्टीवर असतात आणि सगळे हजर असतात. काहींनी वीस म्हटलं, काहींनी छत्तीस. एकाने कंस नसल्याबद्दल पुस्तक लिहिणाऱ्यांना दोष दिला. एकाने नुसता अंगठा पाठवला. एकाने, हे कोणत्या क्लायंटचं आहे, असं विचारलं.

"टेक्निकली दोन्ही बाजू आहेत," भाऊ म्हणाला. त्याने चहा घेतला आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. त्या कंपनीचा विचार माझ्या मनात आला, पण ती परदेशात आहे.

भाचीने आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, सगळं झालंय. एकच राहिलंय. पण आजोबा चुकीचं—"

"आजोबांशी वाद घालू नकोस."

"वाद नाही घालत. माझं उत्तर बरोबर आहे."

"तुझं बरोबर असतं तर चाचणीत गुण का गेले? हे बघ, माझ्यासमोर माणसं उभी आहेत. सही घे आणि जा."

फोन बंद झाला. बाबांनी पेनाचं टोपण लावलं होतं, ते काढलं आणि पुन्हा लावलं. सही दृष्टिपथात आहे पण मिळालेली नाही, हे कारखान्यात ते असंच कळवत असावेत.

"आजोबा, हे बघा," भाची म्हणाली. ती खुर्चीवरून उठली आणि मधल्या खोलीत, टीपॉय आणि टीव्ही यांच्या मध्ये उभी राहिली. "हा टीव्ही एक खांब. हे दार दुसरा खांब. मला खो मिळाला. मी दाराकडे तोंड केलं. आता दाराचा खांब येईपर्यंत मला मागे फिरता येत नाही. वाटेत जो सापडेल त्याला बाद करायचं. बरोबर?"

"बरोबर," बाबा म्हणाले. खो-खो त्यांना कळतो.

"मग तुम्ही काय केलंत? चाळीस टीव्हीपाशी. तुम्ही चाळीसला सोडून पुढे पळालात, बारा आणि आठ पकडलेत, आणि परत मागे चाळीसकडे आलात. फाऊल."

मी टाळी वाजवली नाही, पण मनात बातमीचा मथळा तयार झाला. बाबांनी वहीची मागची पानं उलटली. मग म्हणाले,

"आणि सहा अधिक चार गुणिले पाच? तिथे तू काय केलंस? सहाला सोडून पुढे गेलीस, चार आणि पाच पकडलेस, आणि मागे सहाकडे आलीस. ते फाऊल नाही?"

भाचीने टीव्हीकडे पाहिलं, मग दाराकडे.

आक्षेप पक्का होता. गुणाकार बेरजेच्या पुढे का जातो, हे खो-खोच्या मैदानावर सांगता येत नाही. त्या दुपारी बाबा जे जे बोलले त्यातला हा एकच मुद्दा खरोखर विचार करण्यासारखा होता, आणि तो त्यांनी चुकीच्या उत्तरासाठी खर्च केला. पण वादात ते जिंकले होते, हे मान्य करायला हवं. पुण्यात बहुतेक वाद असेच जिंकले जातात.

"मैदानावरचं मैदानावर," बाबा म्हणाले. "काही घाई नाही. नीट विचार कर, मग सांग."

घाई कोणाला होती हे खोलीतल्या तिघांपैकी दोघांना माहीत होतं. भाचीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, आता रडणार. ती रडली नाही. खुर्चीवर बसली, वही जवळ ओढली, खोडरबर घेतलं, छत्तीस खोडलं, आणि त्या जागी वाटोळं, सुबक वीस लिहिलं.

"आलं लक्षात," ती म्हणाली.

"बघ! शांतपणे विचार केला की येतं." बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी 'तपासले' लिहिलं, तारीख घातली, पूर्ण सही केली, सहीखाली दोन टिंबं दिली. "आणि त्या पुस्तकवाल्यांना एक पत्र टाकायला हवं. उत्तरसूचीत धडधडीत चूक. मुलं हेच शिकतात."

"आजोबा, जाऊ?"

"जा. पुढच्या वेळी छापलेल्यावर विश्वास ठेवू नकोस."

पुलावर अख्खं पुणे होतंच. सिग्नलला थांबलो की मागे बसलेल्या भाचीचा बूट फूटरेस्टवर टकटक वाजायचा. मी काही बोलून पाहिलं, तर म्हणाली, "आत्या, तू गाडी चालव."

फाटक उघडं होतं. सर शिट्टी गळ्यात अडकवून आत उभे होते, हातात नव्हती, म्हणजे थोडा वेळ होता. मला वाटलं ती पळत आत जाईल. ती फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसली, दप्तर उघडलं, वही काढली. वीस खोडलं. छत्तीस लिहिलं. फुंकर मारून खोडरबराचा चुरा उडवला आणि वही माझ्या हातात दिली.

"ओली करू नकोस," ती म्हणाली आणि आत गेली.

मी वही उघडून पाहिली. बाबांनी सही पेनाने केली होती. छत्तीसच्या खाली आता 'तपासले' होतं, तारीख होती आणि पूर्ण सही होती. कारखान्यात यासाठी चौकशी बसली असती.

निवड फार वेळ चालली नाही. भाचीला दोन खो मिळाले, दुसऱ्यात तिने खांबापाशी उडी मारून समोरच्या मुलीला बाद केलं आणि गुडघा सोलून घेतला. सरांनी नावं वाचली तेव्हा तिचं नाव शेवटून दुसरं आलं. पहिलं आलं असतं त्यापेक्षा तिला याचा आनंद जास्त झाला, कारण तोपर्यंत तिची आशा सुटली होती. सर म्हणाले, स्पर्धेपर्यंत रोज सराव. वेळ पाच. रविवारीही.

परतीच्या वाटेवर तिचा चेहरा उतरलेला दिसला. "काय झालं? आलीस ना संघात?"

"रोज पाच," ती म्हणाली. "म्हणजे रोज सही."

सोमवारी वही शाळेतून तपासून आली. सगळ्या गणितांवर बरोबरच्या खुणा होत्या, पाचव्यावरही. बाबांनी वही हातात घेतली, पाचव्या गणितावर बोट ठेवलं, लाल खूण पाहिली, आणि वही मिटली. उत्तर पाहिलं नाही. ते त्यांनी आधीच तपासलेलं होतं.

संध्याकाळी खाली बाकावर त्यांनी हा विषय काढला. बाबांच्या इमारतीच्या बाकावर बसणारे सगळे निवृत्त आहेत आणि सगळे कंचेभागुबेववर वाढलेले. वीस एकमताने मंजूर झालं. त्यांच्यात एक ऑडिटर आहेत. एक जण म्हणाले, "पण पुस्तकात छत्तीस कसं?" त्यावर बाबा म्हणाले, "शाळेनेच माझं उत्तर ग्राह्य धरलंय. आता पुस्तकवाल्यांनी काय ते बघावं." पत्राचा मसुदा त्यांनी मला वाचायला दिला. भाषा स्वच्छ होती. डेस्कवर अशी पत्रं मी पुष्कळ हाताळली आहेत. त्यांत भाषेची चूक सहसा सापडत नाही.

"पाठवू ना?" त्यांनी विचारलं.

भाची पलंगावर बसून गुडघ्याची खपली काढत होती. तिने वर पाहिलं. नुसतंच पाहिलं, पण मला पुरेसं होतं. मी सांगितलं असतं तर बाबांनी पेनाचं टोपण लावलं असतं, आणि दुसऱ्या दिवसापासून पाचच्या आत ते निघालं नसतं.

"स्वल्पविराम एक जास्त आहे," मी म्हणाले. "बाकी ठीक."

त्यानंतरचे दिवस सुरळीत गेले. भाचीची कामाची पद्धत बसली. गणितं पेन्सिलीने, स्वतःच्या रीतीने. बाबा जिथे अडतील तिथे त्यांच्या रीतीने, वाद नाही, चर्चा नाही. सही. मग कट्टा, खोडरबर, फुंकर, मैदान. मी वही धरून उभी. एकदा मी म्हणाले, "अगं, हे किती दिवस?" ती म्हणाली, "स्पर्धा होईपर्यंत. मग सांगू त्यांना." वहीवर फुंकर मारून म्हणाली, "किंवा नको."

पुढच्या घटक चाचणीत तिला गणितात पूर्ण गुण मिळाले. तिच्या आईने उत्तरपत्रिका जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि बाबांच्या पानात स्वतःच्या हाताने दुसरी पोळी वाढली. भाऊ बाहेर येऊन म्हणाला, "ग्रेट, बाबा." बाबा म्हणाले, "मुलगी हुशार आहे. फक्त शिस्त हवी होती."

"मी काय म्हणते," भाचीची आई म्हणाली, "शास्त्रही तुम्हीच घ्या ना आता तिचं. त्यातही जरा कच्चीच आहे. रोज तपासायचं, सही करायची, तसंच."

"घेतो की. शास्त्रात काय असतं सहावीला? चुंबक, प्रकाश, असंच ना?"

सगळ्यांनी भाचीकडे पाहिलं. ती वरणभात कालवत होती. शास्त्राच्या वहीत उत्तरं पेनाने लिहावी लागतात, हे मला नंतर कळलं. तिला तेव्हाच माहीत होतं. तिने घास तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला.

"चालेल, आजोबा," ती म्हणाली. "पण पाचच्या आत सही कराल ना?"

"म्हणजे काय," बाबा म्हणाले. "उत्तर बरोबर असेल तर लगेच."